खानावळीची वही ते वेब सेवा: इलिक्सिर आणि फीनिक्समध्ये फंक्शनल पद्धतीने पहिलं काम कसं उभारायचं

आमच्या गल्लीतल्या खानावळीत महिन्याच्या शेवटच्या दिवशी एक वही उघडली जाते. प्रत्येक मेंबरच्या नावापुढे तीस-एकतीस चौकोन. खाडा असेल तिथे फुली, पाहुणा जेवला असेल तिथे गोल. काकू फुल्या मोजतात, गोल मोजतात, आकडा मांडतात आणि खाली रेघ मारतात. वहीतली जुनी फुली खोडून तिथे दुसरंच काही लिहिलेलं मी कधी पाहिलं नाही. चूक झालीच तर खालच्या ओळीत दुरुस्तीची नोंद होते. नोंदी बदलायच्या नाहीत, हिशोब नोंदींवरून काढायचा आणि पैशांची देवघेव हिशोबापासून वेगळी ठेवायची. फंक्शनल प्रोग्रॅमिंग म्हणजे कोडमध्ये पाळलेली हीच शिस्त. पुस्तकं वाचून जे डोक्यात शिरत नव्हतं ते मला या वहीवरून समजलं.

मी आधी सहा वर्षं पीएचपीमध्ये काम केलं आणि मग इलिक्सिर या फंक्शनल भाषेकडे आले. पहिले काही महिने मी चुकीच्या टोकाकडून शिकत होते: आधी प्रोसेस (स्वतंत्रपणे चालणारं एकेक काम), मग सुपरव्हायझर (पडलेली प्रोसेस पुन्हा उभी करणारा), मग डेटाबेस, आणि हिशोबाची फंक्शनं सगळ्यात शेवटी. खरा क्रम नेमका उलटा आहे. तोच इथे लिहिते आहे. उदाहरण त्याच खानावळीचं: मेंबरांनी मोबाइलवरून खाडा कळवायचा आणि महिनाअखेरीला बिल तयार व्हायचं.

इलिक्सिरच का? हास्केल, क्लोजर, एफ शार्प, स्काला यांतही हे सगळं करता येतं आणि त्यांतलं एखादं तुम्हाला येत असेल तर भाषा बदलायची गरज नाही. पण वेब सेवा बांधायला बसणाऱ्या नवख्या माणसाला मी इलिक्सिर सुचवते, कारण तिच्या पायाशी एर्लँग ही भाषा आणि तिची यंत्रणा आहे. एर्लँगची सुरुवात १९८६ च्या सुमारास एरिक्सनच्या प्रयोगशाळेत झाली. जो आर्मस्ट्राँग, रॉबर्ट वर्डिंग आणि माइक विल्यम्स यांनी ती टेलिफोन एक्स्चेंजसाठी घडवली आणि १९९८ मध्ये ती सर्वांसाठी खुली झाली. एक कॉल तुटला म्हणून बाकीचे तुटता कामा नयेत, ही तिची मूळ गरज होती आणि वेब सेवेची गरजही तीच असते. व्हॉट्सअॅपचा सर्व्हरही एर्लँगवरच उभा राहिला. होजे वालीम यांनी त्याच यंत्रणेवर इलिक्सिर बांधली. तिची १.० आवृत्ती २०१४ ची. इलिक्सिरमध्ये वेब सेवा बांधायची तयार चौकट म्हणजे क्रिस मॅकॉर्ड यांचं फीनिक्स फ्रेमवर्क, त्याची १.० आवृत्ती २०१५ ची.

एक सूचना आधीच देते. खाली आज्ञा आणि नावं उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत, टर्मिनलवर ती रोमन लिपीतच टाइप करायची.

काय काय लागेल

- आठ जीबी रॅमचा साधा लॅपटॉप. लिनक्स किंवा मॅक असेल तर सोपं, विंडोज असेल तर त्यात डब्ल्यूएसएल (विंडोजमध्ये लिनक्स चालवायची सोय) बसवून घ्या.
- एर्लँग, इलिक्सिर आणि पोस्टग्रेस हा डेटाबेस.
- एएसडीएफ किंवा मिझ यांपैकी एक आवृत्ती-व्यवस्थापक.
- गिट आणि कोणताही एडिटर. व्हीएस कोड चालेल.
- नोड (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारं साधन) लागत नाही. फीनिक्स १.६ पासून जावास्क्रिप्ट बांधायला ईएसबिल्ड वापरलं जातं.
- एक वही. हे मी गंभीरपणे सांगते आहे, पहिली पायरी तिच्यावरच आहे.

१. नियम आधी कागदावर उतरवा

आमच्या खानावळीचे नियम असे: महिन्याचे ३,००० रुपये. रोज दोन डबे, रविवारी रात्री खानावळ बंद. खाडा आदल्या रात्री नऊपर्यंत कळवला तरच धरला जातो. पाहुण्याच्या डब्याचे ७० रुपये वेगळे.

आता एक महिना हाताने सोडवा. महिना ३१ दिवसांचा आणि त्यात चार रविवार, म्हणजे ६२ वजा ४, एकूण ५८ डबे. पैशात बोलायचं तर ३,००,००० पैसे भागिले ५८, म्हणजे डब्याला ५,१७२ पैसे आणि बाकी २४ पैसे. मेंबरचे चार खाडे असतील तर २०,६८८ पैसे वजा, उरले २,७९,३१२. म्हणजे बिल २,७९३ रुपये १२ पैसे. शेवटी पूर्ण रुपयात आणलं की २,७९३.

हेच डब्याचा दर आधी ५२ रुपये धरून केलंत तर बिल २,७९२ येतं. एक रुपयाचा फरक, पण मेंबर भांडायला येतो तो याच रुपयासाठी. म्हणून दोन निर्णय कोड लिहिण्यापूर्वीच वहीत लिहून टाका: रक्कम नेहमी पूर्णांकात, पैशांच्या एककात ठेवायची, आणि पूर्ण रुपयात एकदाच, शेवटी आणायची. दशांश चिन्हाची फ्लोट संख्या पैशांसाठी कधीही वापरू नका.

नोंदीही इथेच ठरवा. खाडा, पाहुणा आणि रद्द, असे तीन प्रकार आम्हाला पुरले. खाडा मागे घेतला तर जुनी नोंद पुसायची नाही, ‘रद्द’ची नवी नोंद करायची. दोन महिन्यांनी कुणी विचारलं की हे बिल असं कसं आलं, तर उत्तर नोंदींतच सापडतं.

२. यंत्रणा बसवा

एएसडीएफ किंवा मिझने आधी एर्लँग बसवा, मग इलिक्सिर. क्रम उलटा केलात तर चालत नाही. शिवाय प्रत्येक इलिक्सिर आवृत्तीला एर्लँगच्या ठरावीक आवृत्त्याच चालतात, म्हणून दोन्हींची जोडी आधी जुळवून घ्या. एर्लँग मूळ कोडपासून बांधली जात असेल तर बराच वेळ लागतो. ओपनएसएसएल आणि एनकर्सेस यांची विकासकांसाठीची पॅकेजेस नसतील तर ती मध्येच थांबू शकते किंवा अर्धवट बसते, आणि चूक सांगणारा संदेश इतका लांब येतो की खरं कारण त्यात हरवतं. ही पॅकेजेस आधीच घालून घ्या.

मग ‘मिक्स पीएचएक्स डॉट न्यू’ने (मिक्स हे इलिक्सिरबरोबर येणारं, अशा आज्ञा चालवणारं साधन) प्रकल्प तयार करा, ‘मिक्स एक्टो डॉट क्रिएट’ने डेटाबेस आणि ‘मिक्स पीएचएक्स डॉट सर्व्हर’ने सेवा सुरू करा. ब्राउझरमध्ये ४००० क्रमांकाच्या पोर्टवर फीनिक्सचं पान दिसलं की ही पायरी झाली. लिनक्सवर फाइल बदलूनही पान आपोआप ताजं होत नसेल तर आयनोटिफाय-टूल्स बसवायचं राहिलं आहे.

३. हिशोब शुद्ध फंक्शनांत लिहा

इथे घाई करू नका. माझ्या मते सगळ्या कामातली ही सर्वांत मोलाची पायरी आहे. डेटाबेस नाही, वेब नाही, फक्त एक मॉड्यूल. त्यातल्या फंक्शनांनी यादी घ्यायची आणि उत्तर द्यायचं, बाहेरचं काही विचारायचं नाही की बदलायचं नाही. शुद्ध म्हणतात ते यालाच. इलिक्सिरमध्ये व्हेरिएबल आणि फंक्शनांची नावं देवनागरीतही चालतात (मॉड्यूलचं नाव मात्र रोमन लागतं), त्यामुळे गाभा असा दिसू शकतो:

नोंदी
|> महिन्यातल्या(महिना)
|> वेळेत_कळवलेल्या()
|> रद्द_वगळून()
|> बिल(दर)

ओळींच्या सुरुवातीच्या त्या चिन्हाला (उभी रेघ आणि पुढे ‘पेक्षा मोठं’ची खूण) पाइप म्हणतात. डावीकडचं उत्तर उजवीकडच्या फंक्शनचा पहिला आर्ग्युमेंट होतं. पहिली ओळ म्हणजे वही, शेवटची ओळ म्हणजे रेघेखालचा आकडा. मधल्या कुठल्याही फंक्शनने मूळ ‘नोंदी’ बदललेल्या नाहीत, प्रत्येकाने नवी यादी दिली आहे. त्यामुळे बिल चुकलं तर प्रत्येक टप्प्यावर थांबून यादी बघता येते. इलिक्सिरमध्ये त्यासाठी ‘डीबीजी’ आहे. ते पाइपच्या शेवटी जोडलं की प्रत्येक पायरीचं उत्तर एकाखाली एक छापलं जातं. बग शोधायला मला याहून चांगलं साधन अजून मिळालेलं नाही.

प्रकारानुसार वेगळं वागायचं असेल तर इफ-एल्सची माळ लावू नका. एकाच नावाचं फंक्शन तीन वेळा लिहा: एक खाड्यासाठी, एक पाहुण्यासाठी, एक रद्दसाठी. नोंदीचा आकार पाहून कोणतं चालवायचं हे भाषा स्वतः ठरवते. याला पॅटर्न मॅचिंग म्हणतात आणि दोन आठवड्यांत त्याची इतकी सवय होते की इतर भाषांत त्याच्याविना हात थांबतो.

या पायरीवरचे सापळे मी पाहिले आहेत ते असे.

इफच्या आत व्हेरिएबलला नवी किंमत दिली तर ती बाहेर येत नाही. ‘एकूण’ हे आत वाढवलंत, इफ संपलं, बाहेर ‘एकूण’ जुनंच. पीएचपी किंवा जावावरून येणारा प्रत्येक जण इथे अडखळतो. ‘व्हेरिएबल वापरलेलं नाही’ असा इशारा कंपायलर देतो. तो डावलू नका, तो नेमकं हेच सांगत असतो. उपाय म्हणजे इफने दिलेलं उत्तरच पकडा: ‘एकूण = इफ…’ असं लिहा.

एनम डॉट ईच (यादीतल्या प्रत्येकावर फंक्शन चालवणारं) उत्तर गोळा करत नाही, फक्त ‘ओके’ देतं. नवी यादी हवी असेल तर मॅप, एकच आकडा हवा असेल तर रिड्यूस.

इलिक्सिरची यादी ही साखळी असते. तिच्या शेवटी जोडणं म्हणजे आधीची सगळी साखळी पुन्हा बनवणं, आणि लांबी मोजणं म्हणजे टोकापर्यंत चालत जाणं. मोठ्या यादीत पुढे जोडा आणि शेवटी एकदा उलटी करा.

चौथा सापळा वेळेचा, आणि तो जास्त त्रास देतो. ‘आत्ता किती वाजले’ हे हिशोबाच्या फंक्शनने स्वतः विचारायचं नाही, वेळ बाहेरून द्यायची. तसं केलं नाही तर ते फंक्शन सकाळी एक उत्तर देतं आणि रात्री दुसरं, आणि त्याची टेस्ट (उत्तर बरोबर येतं का ते तपासणारा कोड) लिहिता येत नाही. त्यातच सर्व्हरचं घड्याळ बहुतेक वेळा यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) असतं. रात्री नऊची आपली मुदत म्हणजे यूटीसीचे दुपारचे साडेतीन. आणि आपल्याकडे मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंत यूटीसीची तारीख अजून आदल्या दिवसाचीच असते. त्या वेळात कळवलेला खाडा सरळ यूटीसीच्या तारखेवर टाकलात तर एक दिवस मागे पडतो. इलिक्सिरबरोबर येणाऱ्या टाइमझोनच्या माहितीत फक्त यूटीसी असतं. भारतीय वेळेसाठी टीझेडडेटा किंवा टीझेड ही लायब्ररी घाला. साठवताना यूटीसी, नियम लावताना आशिया/कोलकाता, ही शिस्त पहिल्या दिवसापासून पाळा.

आता टेस्ट. वहीत सोडवलेला महिना जसाच्या तसा एक्सयुनिट या इलिक्सिरच्या टेस्ट-साधनात उतरवा: ५८ डबे, चार खाडे, उत्तर २,७९,३१२. डेटाबेस नसल्यामुळे अशा शेकडो टेस्ट डोळ्याची पापणी लवते तोवर होतात. नंतर स्ट्रीमडेटा ही लायब्ररी घेऊन सर्वसाधारण गुणधर्म तपासा: बिल कधी ऋण येत नाही, खाडा वाढला की बिल वाढत नाही, नोंदींचा क्रम बदलला तरी बिल तेच राहतं. शेवटच्या गुणधर्मात माझ्या पहिल्या कोडची चूक सापडली. ‘रद्द’ची नोंद यादीत खाड्याच्या आधी आली तर माझं फंक्शन ती विसरत होतं.

४. नकार हाही उत्तरच आहे

मुदत उलटून गेल्यावर खाडा कळवला, तर ती दुर्घटना नाही. ती रोजची गोष्ट आहे. अशा ठिकाणी एक्सेप्शन (काम मध्येच तोडणारी चूक) फेकू नका. फंक्शनने जोडी परत द्यावी: ओके आणि नोंद, किंवा एरर आणि कारण. असे तीन-चार टप्पे ओळीने असतील (मेंबर सापडला का, चालू आहे का, मुदतीत आहे का, त्या दिवशी आधीच खाडा आहे का) तर ‘विथ’ वापरा. पहिला नकार येताच साखळी थांबते आणि तोच नकार बाहेर येतो.

‘लेट इट क्रॅश’ हे एर्लँगवाल्यांचं वाक्य तुम्ही ऐकाल. त्याचा अर्थ चुका तपासू नका असा नाही. ज्या चुकीची अपेक्षा आहे तिला जोडीने उत्तर द्या. ज्याची कल्पनाच करता येत नाही, म्हणजे बिघडलेला डेटा किंवा तुटलेलं कनेक्शन, तिथे प्रोसेस पडू द्या, सुपरव्हायझर ती पुन्हा उभी करेल. मेंबरने उशीर केला म्हणून त्याला पाचशे क्रमांकाचं (सर्व्हरच बिघडला असं सांगणारं) पान दाखवणं हा त्या वाक्याचा चुकीचा वापर आहे. कंट्रोलरमध्ये (वेब विनंतीला उत्तर देणाऱ्या मॉड्यूलमध्ये) उत्तर थेट ‘ओके’च्या जोडीशी बांधून टाकलंत की नेमकं असंच होतं.

५. डेटाबेस काठावर ठेवा

एक्टो ही डेटाबेससाठीची लायब्ररी. तिचे चार भाग आधी ओळखा. स्कीमा म्हणजे तक्त्याचा आकार, चेंजसेट म्हणजे बाहेरून आलेल्या माहितीची चाळणी, क्वेरी म्हणजे प्रश्न आणि रेपो म्हणजे डेटाबेसशी बोलणारा एकटा माणूस. पहिले तीन नुसता डेटा बनवतात, कुणाला काही विचारत नाहीत. डेटाबेसला हात लागतो तो फक्त रेपोमधून. त्यामुळे तुमच्या कोडमध्ये ‘रेपो’ हा शब्द कुठे कुठे येतो ते शोधलं की काठ कुठे आहे तो दिसतो. हिशोबाच्या मॉड्यूलमध्ये तो सापडला तर तिथून काढून टाका. नोंदी रेपोने आणायच्या, पायरी ३ मधल्या फंक्शनांना द्यायच्या, आलेलं बिल पुन्हा रेपोला साठवायला द्यायचं. असा सँडविच.

संबंधित माहिती इथे आपोआप येत नाही. मेंबर आणला आणि त्याच्या नोंदी मागितल्या तर ‘असोसिएशन लोड झालेलं नाही’ असं उत्तर मिळतं. सुरुवातीला हे जाचक वाटतं. पण याच नियमामुळे लूपच्या आत नकळत शेकडो क्वेऱ्या जाण्याचं दुखणं टळतं. ती माहिती आधीच आणायला (प्रीलोड करायला) स्वतःहून सांगा.

एका मेंबरचं एका महिन्याचं बिल एकच असावं, हे फक्त कोडमध्ये तपासून भागत नाही. तपासणं आणि साठवणं यांच्या मधल्या क्षणात दुसरी विनंती घुसते. मायग्रेशनमध्ये (तक्त्याची रचना सांगणाऱ्या फाइलमध्ये) मेंबर आणि महिना यांचा युनिक इंडेक्स (तीच जोडी दुसऱ्यांदा न घेणारा) घाला आणि चेंजसेटमध्ये युनिक कन्स्ट्रेंट लिहा. दोन्ही लागतात. इंडेक्सशिवाय कन्स्ट्रेंटला काही अर्थ नाही, आणि कन्स्ट्रेंटशिवाय इंडेक्सचा नकार एक्सेप्शन बनून येतो.

आता मराठीत काम करणाऱ्यांसाठी एक खास सापळा. खाड्याचं कारण लिहायला आम्ही एक रकाना ठेवला. एक्टोच्या मायग्रेशनमध्ये ‘स्ट्रिंग’ म्हटलं की पोस्टग्रेसमध्ये २५५ कॅरेक्टरांचा रकाना तयार होतो. चेंजसेटमध्ये लांबीची मर्यादाही २५५ लिहिली. इंग्रजीत सगळं सुरळीत. एका मेंबरने मराठीत सविस्तर कारण लिहिलं, चेंजसेट ‘ठीक आहे’ म्हणाला आणि पोस्टग्रेसने ते नाकारलं.

कारण मोजण्याची रीत. ‘विद्यार्थ्यांच्या’ हा शब्द घ्या. वाचताना आपण चार अक्षरं म्हणतो: वि, द्या, र्थ्यां, च्या. पोस्टग्रेस कोडपॉइंट मोजतं. काने, वेलांट्या, अनुस्वार, पाय मोडायचं हलंत चिन्ह, सगळं सुटं. ते होतात १७. यूटीएफ-८ या मजकूर साठवायच्या पद्धतीत प्रत्येकाला तीन बाइट, म्हणजे ५१ बाइट. एक्टोची लांबीची तपासणी मात्र, वेगळं सांगितलं नाही तर, ग्राफीम (डोळ्याला एकसंध दिसणारे तुकडे) मोजते आणि ती संख्या १७ च्या बरीच खाली राहते. म्हणून चेंजसेट खूश आणि डेटाबेस नाराज. उपाय दोन: तपासणीत ‘काउंट’चा पर्याय कोडपॉइंट्स असा द्या, किंवा मोकळ्या मजकुराचा रकाना मायग्रेशनमध्येच ‘टेक्स्ट’ करा आणि मर्यादा चेंजसेटवर सोपवा. मी दुसरा घेते. मजकूर कापतानाही बाइट मोजून कापू नका, अक्षर मधोमध तुटतं. स्ट्रिंग मॉड्यूलचं स्लाइस वापरा.

६. वेबचा थर पातळ राहू द्या

फीनिक्समधली प्रत्येक विनंती म्हणजे ‘कॉन’ नावाची एक रचना. ती एका प्लगमधून (विनंतीवर एक काम करणाऱ्या फंक्शनमधून) दुसऱ्यात जाते आणि प्रत्येक प्लग नवी कॉन परत देतो. हीही पाइपच झाली, त्यामुळे पायरी ३ जमली असेल तर इथे नवं फारसं शिकायचं नाही. सेशनमध्ये काही ठेवलं आणि परत आलेली कॉन पुढे दिलीच नाही तर काहीच ठेवलं गेलेलं नसतं, एवढं लक्षात असू द्या. लॉगिन हाताने लिहू नका, ‘मिक्स पीएचएक्स डॉट जेन डॉट ऑथ’ ते तयार करून देतं आणि तो कोड वाचण्यासारखा असतो.

फॉर्ममधून आलेल्या माहितीच्या चाव्या (रकान्यांची नावं) स्ट्रिंग म्हणजे साधा मजकूर असतात, अॅटम (इलिक्सिरमधली स्थिर नावं) नव्हेत. त्या सोयीसाठी स्ट्रिंगचे अॅटम बनवायचा मोह आवरा. अॅटम एकदा तयार झाला की मेमरीतून जात नाही आणि त्यांची मर्यादा मुळात १०,४८,५७६ इतकी ठरलेली असते. बाहेरच्या कुणी रोज नवी नावं पाठवत राहिलं तर मर्यादा संपते आणि सगळी यंत्रणा बंद पडते. एका प्रोसेसपुरतं हे राहत नाही, सुपरव्हायझरही इथे काही करू शकत नाही.

७. लाइव्हव्ह्यू: पान म्हणजे स्थितीचं चित्र

खाड्याचा चौकोन दाबला की खालचं बिल लगेच बदलावं, यासाठी वेगळं जावास्क्रिप्ट फ्रेमवर्क घ्यायची गरज नाही. फीनिक्सच्या लाइव्हव्ह्यूमध्ये सर्व्हरवर एक स्थिती असते, घटना आली की त्या स्थितीवरून नवी स्थिती बनते आणि पानाचा बदललेला भागच ब्राउझरकडे जातो. जुनी स्थिती आणि घटना आत, नवी स्थिती बाहेर. बिलाचं फंक्शन तेच, पायरी ३ मधलं. मेंबरला दिसणारा अंदाज आणि महिनाअखेरीचं बिल एकाच फंक्शनमधून येत असल्यामुळे दोन आकडे कधी वेगळे पडत नाहीत.

सापळा: ‘माउंट’ (पानाची पहिली स्थिती तयार करणारं फंक्शन) दोनदा चालतं. एकदा साध्या एचटीटीपी विनंतीला, दुसऱ्यांदा वेबसॉकेट (ब्राउझर आणि सर्व्हरमधली उघडी राहणारी जोडणी) जोडल्यावर. माउंटमध्ये नोंद साठवली किंवा मेसेज पाठवला तर तो दोनदा जातो. तिथे फक्त वाचा. सबस्क्राइब करायचं असेल तर आधी ‘कनेक्टेड’ आहे का ते विचारा.

८. प्रोसेस सगळ्यात शेवटी

इथवर आपण एकही जीनसर्व्हर (स्थिती धरून निरोप हाताळणारी प्रोसेस) लिहिलेला नाही आणि सेवा चालते आहे. हे मुद्दाम सांगते, कारण ऑब्जेक्टच्या जगातून येणाऱ्याला जीनसर्व्हर ओळखीचा वाटतो: आत स्थिती, बाहेर मेथड. मग तो प्रत्येक गोष्टीचा जीनसर्व्हर बनवतो.

माझ्या आधीच्या एका कामात आम्ही बिलांसाठी असाच एक जीनसर्व्हर ठेवला होता. सगळी बिलं त्याच्यामार्फत. वीस-पंचवीस मेंबर असताना काहीच जाणवलं नाही. मग मेंबर वाढले आणि एका महिनाअखेरीला रात्री एकामागून एक तक्रारी सुरू झाल्या. कारण साधं होतं. एक प्रोसेस एका वेळी एकच निरोप हाताळते, बाकीचे तिच्या पेटीत रांगेत थांबतात. विचारणारा पाच सेकंद वाट पाहतो आणि मग टाइमआउट होऊन पडतो. पण त्याचा निरोप रांगेतून निघत नाही. तो पुढे केव्हातरी हाताळला जातोच. मेंबरला चूक दिसली, त्याने पुन्हा बटण दाबलं, आणि रांगेत त्याचीच दोन कामं झाली. आमच्याकडे युनिक इंडेक्सही नव्हता. सकाळी काही जणांच्या हातात दोन-दोन बिलं होती आणि ती एकेकाला फोन करून रद्द करावी लागली.

दुरुस्ती म्हणजे तो जीनसर्व्हर काढून टाकणं. फीनिक्समध्ये प्रत्येक विनंती आधीच स्वतंत्र प्रोसेसमध्ये चालते. हिशोबाचं शुद्ध फंक्शन तिथेच बोलावलं की सगळी बिलं एकाच वेळी, आपापल्या जागी तयार होतात. नोंदी कुणी बदलतच नसल्यामुळे कुलपांची (लॉकची) गरज पडत नाही.

मग प्रोसेस कधी? जिथे खरोखर एकाच जागी काही धरून ठेवायचं आहे तिथे: थोड्या वेळापुरता साठा, बाहेरच्या यंत्राशी उघडं ठेवलेलं कनेक्शन, मिनिटाला किती विनंत्या घ्यायच्या याची मोजणी. तिथेही आतला विचार शुद्ध फंक्शनात लिहा, जीनसर्व्हरने फक्त निरोप घ्यायचा आणि स्थिती सांभाळायची. शिवाय प्रोसेस पडली किंवा सेवा नव्याने चढवली की तिच्यातली स्थिती जाते, म्हणून जे गमवायचं नाही ते डेटाबेसमध्ये.

सुपरव्हायझर, जीनसर्व्हर ही सगळी ओटीपीची अवजारं. मोबाइलवर येणाऱ्या ओटीपीशी याचा संबंध नाही, मूळ नाव ‘ओपन टेलिकॉम प्लॅटफॉर्म’. सुपरव्हायझरला मर्यादा असते. वेगळं सांगितलं नाही तर पाच सेकंदांत तीनपेक्षा जास्त वेळा प्रोसेस उभी करायची वेळ आली की तो हार मानतो आणि स्वतःच खाली बसतो. बाहेरची सेवा बंद असेल आणि तुमची प्रोसेस सुरू होतानाच तिच्याशी जोडायला जात असेल, तर ही मर्यादा चटकन गाठली जाते. सुरुवात हलकी ठेवा, जोडणी नंतर करा.

बिलाचे मेसेज पाठवणं हे काम ओबानला द्या. ती लायब्ररी कामांची यादी पोस्टग्रेसमध्येच ठेवते, त्यामुळे बिल साठवणं आणि मेसेजचं काम नोंदवणं एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये (दोन्ही होतील किंवा एकही नाही) बसतं. काम फसलं तर ते पुन्हा चालवलं जातं. म्हणजे मेसेज दोनदा जाण्याची शक्यता धरूनच कोड लिहा: पाठवण्याआधी त्या बिलावर ‘कळवलं’ अशी नोंद आहे का ते बघा.

९. सर्व्हरवर चढवणं

‘मिक्स पीएचएक्स डॉट जेन डॉट रिलीज’ चालवा, डॉकर (सेवा तिच्या सगळ्या सामानासकट बांधून नेणारं साधन) हवं असेल तर तोही पर्याय द्या. रिलीज म्हणजे एर्लँगसकट सगळं एका फोल्डरमध्ये, सर्व्हरवर इलिक्सिर बसवावी लागत नाही. मात्र ज्या प्रकारच्या लिनक्सवर चालवायचं, तशाच लिनक्सवर बांधायचं. मॅकवर बांधलेलं लिनक्सवर चालत नाही. रिलीजमध्ये मिक्स नसतं, त्यामुळे मायग्रेशनसाठी त्याच आज्ञेने तयार झालेली ‘मायग्रेट’ स्क्रिप्ट वापरा.

सर्व्हरवर चार गोष्टी एन्व्हायर्न्मेंटमधून, म्हणजे कोडच्या बाहेरून, द्या: डेटाबेसचा पत्ता, गुप्त किल्ली (‘मिक्स पीएचएक्स डॉट जेन डॉट सीक्रेट’ ती बनवून देतं), होस्टचं नाव आणि सर्व्हर सुरू करण्याचा संकेत. ही वाचायची जागा ‘रनटाइम’ नावाच्या कॉन्फिग फाइलमध्ये. ‘प्रॉड’च्या फाइलमध्ये वाचलीत तर बांधतानाच्या यंत्रावरच्या किमती कायमच्या आत जातात.

शेवटचा सापळा असा की सगळं चालतंय असं वाटतं. पान उघडतं, नावं दिसतात, पण खाड्याचा चौकोन दाबला की काहीच होत नाही आणि वरची पट्टी ‘पुन्हा जोडतो आहे’ असं सांगत राहते. दोन जागा तपासा. एनजिनएक्स (विनंत्या घेऊन सेवेकडे पोचवणारा सर्व्हर) पुढे असेल तर ‘अपग्रेड’ आणि ‘कनेक्शन’ हे हेडर पुढे जात आहेत का. आणि होस्टचं नाव ब्राउझरच्या पत्त्याशी तंतोतंत जुळतं का. जुळत नसेल तर फीनिक्स सुरक्षेसाठी वेबसॉकेट नाकारतं आणि लॉगमध्ये ‘चेक ओरिजिन’चा उल्लेख दिसतो.

हे झालं की पहिले दोन महिने वही आणि सेवा बरोबर चालवा. महिनाअखेरीला काकूंचा आकडा आणि तुमचा आकडा शेजारी ठेवा. जिथे फरक पडेल त्या मेंबरच्या नोंदी तशाच्या तशा एका नव्या टेस्टमध्ये उतरवा आणि मगच कोडला हात लावा.